एक घास मागे जेवणारी पाहुणी

लोक कॉम्प्युटर वेगवान करून घ्यायला दुकानात जातात. मी एकदा आमचा कॉम्प्युटर मंद करून द्या म्हणून गेलो होतो. जयपूरच्या प्रताप नगरात, आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर जांगिडजींचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "भाईसाहब, घर में सब ठीक है?"

घरात काहीच ठीक नव्हतं. माझ्या आईला डिमेन्शिया झाला होता, आणि ती जेवत नव्हती.

आज ज्यांच्या घरात हेच चालू असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. औषधांची नावं मला तेव्हाही धड उच्चारता येत नव्हती, त्यामुळे ती इथे मिळणार नाहीत. फजित्या मात्र भरपूर मिळतील. त्यातली एखादी उपयोगी पडली तर बघा.

*शंभरातून सात*

मी विमा कंपनीत नोकरीला. बदलीवर जयपूरला आलो तेव्हा दोन-तीन वर्षांत परत अकोल्याकडे जाऊ असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग हाउसिंग बोर्डाचं घर घेऊन इथलाच झालो. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं. सुरुवातीला ती भाजीवाल्याशी वऱ्हाडीत घासाघीस करायची, तो त्याच्या बोलीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

मग तिच्या वरणात मीठ दोनदा पडू लागलं. नंतर पडेनासंच झालं. सांगानेरच्या विमानतळावर उतरणारं विमान घरावरून गेलं की ती पिशवी भरून दाराशी उभी राहायची, अकोल्याची गाडी आली म्हणून. आम्ही हसायचो. वय झालं म्हणायचो. एक दिवस तिने माझ्या बायकोला, सुनंदाला, विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आल्या?" त्या दिवशी हसणं थांबलं.

तपासणीच्या वेळी डॉक्टर हिंदीत विचारत होते आणि मी दुभाष्या होतो. हे शहर कोणतं? अकोला. देशाचे पंतप्रधान कोण? आई माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, याले हेही माहीत नाही?" मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आई अडली तर सांगावं म्हणून मी मनात सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि पुढे पाय घसरला. माझे ओठ हलत असावेत, कारण डॉक्टर म्हणाले, "आपसे नहीं पूछा है." ज्याचं पोट आकडेमोडीवर चालतं त्या माणसाची ही गत.

शेवटी त्यांनी सांगितलं की हा आजार परतत नाही. हळूहळू वाढतो. सांभाळायचं, एवढंच. बाहेर बाकावर आईने माझी बाही ओढली. "पास झाली का रे मी?"

"पहिल्या वर्गात," मी म्हणालो, आणि रिक्षा बघतो असं सांगून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

*आवाज अडकलेला मुलगा*

मला यंत्रांचं वेड आहे आणि त्या मानाने अक्कल कमी आहे. ऑफिसात कोणीतरी सांगितलं, अशा माणसांचं डोकं कामात ठेवावं. झालं. मी कॉम्प्युटरवर फुगे फोडायचा खेळ आणला. आईने माऊस हातात घेतला, पदराने पुसला आणि नेऊन स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला. तो तिथे चार दिवस सापडला नाही.

मग मोबाइल घेतला. त्यात माझ्या आवाजात "आई, पाणी पी" असं भरून ठेवलं आणि दर थोड्या वेळाने वाजेल अशी व्यवस्था करून मोठ्या ऐटीत ऑफिसला गेलो. परत आलो तर घराचा कायापालट झालेला. पलंगाखालच्या ट्रंका बाहेर, दिवाण उघडा, गाद्या जमिनीवर, आणि आई मध्ये बसून रडत होती. "अरुण्या आत अडकला. कवाचा आवाज देऊन राहिला."

आमची मुक्ता तेव्हा अकरावीत होती. तिचं मराठी हिंदीच्या कुबड्या घेऊन चालायचं. ती म्हणाली, "बाबा, आजीवर एक्सपेरिमेंट नका करू ना. मतलब, ती डरते." सुनंदा गाद्या उचलत होती.

*मिटलेले दात*

पुढच्या उन्हाळ्यात आईने जेवण सोडलं. ठरवून नव्हे. घास तोंडाशी नेला की दात मिटायचे. सुनंदा ताट घेऊन तिच्यासमोर बसायची. गोळाभात केला, पेज केली, ताकात पोळी कुस्करली. आई तिच्याकडे संशयाने बघायची आणि एकदा स्पष्टच म्हणाली, "या बाईनं याच्यात काही तरी घातलं." सुनंदाने ताट उचललं, आत गेली आणि कूलर मोठा केला. कूलरच्या घरघरीत रडणं ऐकू येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

मग अंगातलं पाणी कमी झालं म्हणून तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पहाटे पोछा, मग चहावाला, मग रक्त काढणारा, मग डॉक्टरांची फेरी. दोन दिवसांत आपण तिथलेच होऊन जातो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या नाकात नळी होती आणि दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले. नळी उपटू नये म्हणून. त्यांची मुलगी अधूनमधून त्या बांधलेल्या हाताची बोटं चोळत बसायची. पट्टी मात्र सोडत नव्हती.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर आईलाही नळी घालावी लागेल. महिनाभराने परत आणा, बघू. मी आईच्या हातांकडे बघितलं.

त्या हातांनी अकोल्यात काय वाढलं नाही. आमचं घर स्टेशनजवळ, वडिलांचा स्वभाव भरभरून, त्यामुळे अकोल्याला गाडी बदलणारा प्रत्येक ओळखीचा माणूस आमच्याकडे जेवून पुढे जायचा. आईचा एक नियम होता. पाहुण्याला एकटं जेवू द्यायचं नाही. संगतीला बसायचं, आपणही चार घास घ्यायचे, आणि त्याचं होईपर्यंत हात धुवायचा नाही. मग एका दुपारी तीनदा जेवावं लागलं तरी चालेल. हे हात दांडीला बांधायचे, ही कल्पना मला झेपत नव्हती.

*या बाई, केव्हा आल्या?*

माझी मोठी बहीण, ताई, अकोल्याला असते. तिच्याकडे कॉम्प्युटर होता, आमच्याकडेही होता. ताईने समोर दिसून "आई, जेव" म्हटलं तर कदाचित ऐकेल, म्हणून मी वेबकॅम आणला. स्वस्तातला, चिमट्यासारखा.

ठरलेल्या दुपारी आईला खुर्चीवर बसवलं, तिच्यापुढे सवयीने ताट ठेवलं. ताईचा चेहरा क्षणभर आला, थिजला आणि गेला. इंटरनेट मेलं. पडद्यावर आमच्याच कॅमेऱ्याची चौकट उरली. मी काहीतरी दाबलं आणि ती चौकट पसरून पडदाभर झाली. आता हे कमी कसं करायचं ते येईना, म्हणून मी मला जे येतं ते केलं, म्हणजे टेबलाखाली शिरून तारा हलवू लागलो.

वरून आईचा आवाज आला. "या बाई. केव्हा आल्या?"

माझं डोकं टेबलाला आपटलं. बाहेर आलो तर आई पदर सारखा करत होती. पडद्यावरची म्हातारी बाईही, जरा उशिराने, पदर सारखा करत होती.

"जेवल्या का?" आईने विचारलं. त्या बाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. आईने ताट जवळ ओढलं. "घ्या न. लाजू नका." आणि स्वतः वरण-भाताचा एक घास घेतला.

मी, सुनंदा आणि मुक्ता, तिघं जागच्या जागी उभे. पडद्यावरच्या बाईनेही घास घेतला. एक क्षण मागे राहून.

आमचा कॉम्प्युटर जुना, कॅमेरा फालतू, त्यामुळे चित्र जरा रेंगाळत यायचं. मी त्या रेंगाळण्याला दोन दिवस शिव्या देत होतो. पण समोरून बघणाऱ्याला ती बाई कशी दिसत होती सांगू? यजमानीणबाईंनी सुरुवात केल्याशिवाय ताटाला हात न लावणारी, संकोची पाहुणी. आईने दुसरा घास घेतला. थांबून बघितलं. पाहुणीनेही घेतला. "मी घेतल्याशिवाय घेत नाही," आई कौतुकाने म्हणाली. "चांगल्या घरची दिसते."

त्या दिवशी तिने अर्धी वाटी भात खाल्ला.

मग रोज दोन्ही वेळा पाहुणी येऊ लागली. कधी पाहुणी लवकर दमायची, कधी आई तिला ओळखायची नाही आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख व्हायची. पण ताट रिकामं होऊ लागलं. ताईला मी फोनवर रंगवून सांगितलं, तर ती भडकली. आईला स्वतःशीच बोलायला लावतोस, तिला वेड्यात काढतोस, असं बरंच. माझ्या बाजूने बोलायला फक्त वजन होतं, तेही अजून करायचं होतं.

सुनंदाचं दुखणं वेगळं होतं. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं वाढलं. आणि शेवटी त्या खोक्यातल्या बाईसाठी जेवल्या." मी म्हणालो, अगं, ती बाई म्हणजे आईच आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

पण दोन-चार दिवसांनी ती पोळी वाढायला आली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "ही आमची सून. स्वयंपाक सारा हिचाच." सुनंदाला तिने कित्येक महिन्यांत ओळखलं नव्हतं. पाहुणीपुढे ओळखलं. सुनंदा तशीच उभी राहिली, हातातली पोळी वाढायची राहून गेली.

महिन्याने वजन केलं. उतरायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी कसं काय विचारलं, मी साग्रसंगीत सांगितलं, पाहुणीचा पदरही करून दाखवला. ते वजनाचा आकडा लिहिता लिहिता म्हणाले, "चलने दो."

*मी केलेली सुधारणा*

चालू द्यावं ना? पण नाही. एवढी चांगली पाहुणी, तिचा चेहरा असा धुरकट का दिसावा, असं माझ्या डोक्यात आलं. जांगिडजींना घरी बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरची मेमरी वाढवली आणि नवा, मोठ्या भिंगाचा कॅमेरा लावला. चित्र असं लख्ख की आईच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजावे. मी उत्सुकतेने जेवणाची वाट बघत बसलो.

आईने घास उचलला. तिनेही उचलला, त्याच क्षणी. आईने मान तिरपी केली. तिनेही केली. आईचा चेहरा उतरला.

"माही नक्कल करून राहिली," ती म्हणाली. मग नीट निरखून बघितलं आणि ताट दूर सारलं. "अन् डाव्या हातानं जेवते. कसले संस्कार म्हणावे."

संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दात पुन्हा मिटले. सुनंदा आईने न शिवलेलं ताट उचलून तसंच भरलेलं माझ्यासमोर आणून ठेवायची.

ते ताट घेऊन मी पडद्यापुढे बसलो आणि स्वतः जेवून बघितलं. तेव्हा उजेड पडला. जुन्या कॅमेऱ्यात माणूस समोर बसल्यासारखा दिसायचा, त्याचा उजवा हात उजवाच. नवा कॅमेरा आरशासारखा दाखवत होता; माझा उजवा हात पडद्यावरच्या माणसाचा डावा झाला होता. आणि वेगामुळे तो माणूस माझ्याबरोबर जेवत नव्हता, मला वेडावत होता. आमच्या न्हाणीघरातल्या आरशावर आम्ही टॉवेल टाकला होता, आई घाबरायची म्हणून. ती त्यात कोणाला बघून घाबरायची ते मला तेव्हा, हातात वरण-भात असताना, समजलं.

तसाच उठलो, कॉम्प्युटर काखोटीला मारला आणि जांगिडजींकडे गेलो. पुढचा संवाद वर आलाच आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "मेरे पास सब तेज़ करवाने आते हैं. धीमा करवाने वाले आप पहले हैं." जुना कॅमेरा त्यांनी भंगाराच्या खोक्यात टाकला होता. आम्ही दोघांनी ते खोकं जमिनीवर उपडं केलं आणि तारांच्या गुंत्यातून तो चिमटा शोधून काढला. वाढवलेली मेमरी त्यांनी परत काढली, कॅमेरा जोडला आणि खात्री करायला त्याच्यासमोर बसून कचोरी खाल्ली. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "देखो, मैं निगल चुका. ये अभी चबा रहा है."

मी घरी पोचलो तेव्हा आई खुर्चीत पेंगत होती. कॉम्प्युटर जोडला, पडदा उजळला. तिने डोळे उघडले, बघत राहिली.

"बाई, किती दिवसांनी आल्या. बरं नव्हतं का?"

सुनंदा ताट आणायला पळाली.

*बासोडा*

आईला नळी लागली नाही. पुढे दोन हिवाळे ती आमच्यात होती. शेवटी शेवटी पातळ पेज चमच्याने घ्यायची, पाहुणीला दाखवून. गेली ती आपल्या पलंगावर, आणि तिचे हात मोकळे होते. तुमच्या घरी हीच युक्ती चालेल असं मी म्हणत नाही. कोणाचं माणूस गाण्याने उठून बसेल, कोणाचं फोटोने. एवढंच सांगतो, की नवं यंत्र आणण्याआधी जुन्याने काय बिघडवलंय आणि काय जमवलंय ते नीट बघा. आणि ज्याने दोन वेळा वाढलंय त्याला विचारा.

पण मला ते दिवस आठवतात ते एका दुपारसाठी. त्या दुपारी यंत्र चालूच नव्हतं.

होळीनंतरची शीतळा अष्टमी होती. इकडे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड जेवतात. त्याला बासोडा म्हणतात. अर्धा सेक्टर चाकसूच्या जत्रेला गेला होता. शेजारच्या भाभी सकाळीच बाजरीची ताकातली राबडी आणि गुळाचे पुए देऊन गेल्या होत्या. आईसमोर ताट मांडलं, पडदा सुरू केला, आणि वीज गेली.

काळ्या पडद्याकडे आई बघत राहिली. "बाई गेल्या?" ती म्हणाली, आणि ताट हळूच पुढे ढकललं. आम्ही वाट बघितली. वीज येईना. मुक्ता म्हणाली, "बाबा, करो ना कुछ."

मी मॉनिटर उचलून बाजूला ठेवला, त्याच्या जागी स्टूल ओढलं, ताट घेतलं आणि आईसमोर बसलो. पोट टेबलाला लागलेलं, मिशीला घाम. संकोची पाहुणी म्हणून माझ्याइतका अयोग्य माणूस प्रताप नगरात सापडला नसता.

आईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आज बाई आल्या नाही?"

"त्यांना जरा बरं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांचे मालक काय?"

सुनंदाने पदर तोंडात कोंबला. मी म्हणालो, "हो."

"मंग घ्या न. लाजू नका." तिने पुआ तोडला, राबडीत बुडवला, खाल्ला. मी एक श्वास थांबलो. मग उजवा हात उचलला आणि घास घेतला. तिने मान डोलावली.

असं आमचं जेवण चाललं. ती एक घास, मागून मी एक घास. रोजची पाहुणी फार भली आहे असं तिने मला सांगितलं, जास्त बोलत नाही म्हणाली. मग थोडी पुढे झुकली, घरातलं सांगावं तशी.

"माहा मुलगा आहे. इथंच राहते. दिवसभर तारांमध्ये डोकं घालून बसते. धड काही जमत नाही त्याले." तिने बोटाची राबडी चाटली. "पण माह्या जेवणाची लय काळजी करते. तुमाले भेटला असता. बाहेर गेला वाटते."

"भेटेन पुढच्या खेपेला," मी म्हणालो. माझा आवाज जरा उशिरानेच बाहेर आला.

वीज आली. पंखा फिरू लागला. मुक्ता मॉनिटरकडे वळली, पण सुनंदाने तिचा हात धरला. आईचं ताट जवळजवळ रिकामं झालं होतं, आणि मला पुढचं दिसत होतं. माझं संपलं की आई हात धुणार, उठणार, आणि मी कोण होतो हे विसरून जाणार. म्हणून मी शेवटचा तुकडा ताटातच ठेवला. नुसता बसून राहिलो.

आईने तो तुकडा बघितला. तिचा हात राबडीने माखलेला होता, वाळत आला होता. ती उठली नाही.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "मी आहे बसली."